‘परत’ नावाचं बटण

आमच्या विषयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला विद्यार्थ्याने तीन गोष्टी आणायच्या असतात: ओळखपत्र, सही झालेली जर्नल आणि एक माणूस. पहिल्या दोन गोष्टी इतर विषयांनाही लागतात. माणूस फक्त मानसशास्त्राला लागतो. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो हा माणूस. पुस्तकात त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात, पण जालन्यातल्या आमच्या कॉलेजात हा शब्द फक्त उत्तरपत्रिकेत लिहितात. बोलताना सगळे ‘सब्जेक्ट’च म्हणतात. सब्जेक्टला प्रयोगाची आधी कल्पना असून चालत नाही, म्हणून वर्गातलं कुणी बसवता येत नाही. मग परीक्षेच्या दिवशी विभागाबाहेर लग्नघरासारखी गर्दी होते. कुणाची वहिनी, कुणाचा चुलतभाऊ, कुणाच्या मेसच्या मावशी. सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच धास्ती, की आता आपल्या मनातलं ह्यांना कळणार.

त्या दिवशीच्या कामांची माझी यादी ठरलेली आहे. स्टॉपवॉचचे सेल, टोक केलेल्या पेन्सिली, पिण्याचं पाणी, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा चहा आणि सगळ्यात शेवटी ‘जादा सब्जेक्ट, एक’. कारण कुणाचा तरी सब्जेक्ट ऐनवेळी येत नाहीच.

एकदा घनसावंगीची एक मुलगी धापा टाकत आली. तिच्या मागे चाळिशीचा एक गृहस्थ, हातात किल्ली फिरवत.

“मॅडम, भाऊ आल्ता सोबत, पण स्टँडवर उतरला अन् गायबच झाला. मंग ह्यांना आणलं.”

“हे कोण?”

“ज्या जीपमधी आलो तिचे डायव्हर.”

“जल्दी घ्या मॅडम,” गृहस्थ म्हणाले. “गाडी भरून राह्यली माझी.”

त्यांना आरशाचा प्रयोग आला. कागदावर चांदणी काढलेली असते. हात आणि कागद पुठ्ठ्याआड झाकलेले, दिसतो तो फक्त आरसा. आरशात बघून चांदणीच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायची. डायव्हरसाहेब हसले. आरशात बघून गाडी मागे घेण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी पेन्सिल टेकवली, आणि ती निघाली ती थेट कागदाबाहेर.

“आरसा खराब हाय तुमचा,” ते म्हणाले.

परीक्षक हसले. दारात उभे असलेले सगळे हसले. मुलगी मात्र हसली नाही, आणि मीही नाही. प्रयोगकर्त्याने मदत करायची नाही, शाबासकी द्यायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. हे मी पहिल्या तासाला शिकवते. सब्जेक्ट तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतो, म्हणून चेहरा कोरा ठेवायचा. मुलीने तो ठेवला होता. मी तिला मनातल्या मनात पूर्ण गुण दिले.

कोरा चेहरा मला चांगला जमतो.

माझा स्वतःचा सब्जेक्ट म्हणजे माझी मुलगी. एकुलती एक. ती बालवाडीत होती तेव्हापासून प्रत्येक प्रयोग मी वर्गात नेण्याआधी तिच्यावर करून बघायचे. एकसारख्या दोन पेल्यांत तिच्यासमोर सारखंच पाणी ओतायचे, मग एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओतून विचारायचे, आता कशात जास्त? ती उंच ग्लास दाखवायची. त्या वयाची सगळी मुलं तेच दाखवतात. पुढे कधीतरी मी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ती ग्लासांकडे न बघता माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “आई, तुला कोणतं पाहिजे?”

मी चेहरा कोरा ठेवला. तिने बराच वेळ शोधलं, काही सापडलं नाही, आणि मग ती बरोबर उत्तर देऊन खेळायला गेली.

आमच्या हॉलमधल्या बटणांच्या बोर्डावर तिने लावलेली टिकली अजून आहे. बोर्डाची कथा अशी, की बटणं एका रांगेत आहेत आणि कोणतं कशाचं हे बसवणाऱ्यालाच माहीत. पंखा लावायला गेलं की बाहेरचा दिवा लागायचा. ह्यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, कितीही वर्षं झाली तरी चुकायचंच. एक दिवस मुलीने माझ्या पाकिटातली लाल टिकली काढली आणि पंख्याच्या बटणावर चिकटवली. तिला तेव्हा वाचताही येत नव्हतं. त्या दिवसापासून घरात कुणी चुकलं नाही. अभ्यासक्रमात ‘मानवी घटक’ नावाचं प्रकरण आहे. यंत्र माणसाशी जुळवून घेतं की माणसाला यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं, हा त्याचा गाभा. ते शिकवताना मी अजून वर्गातल्या बोर्डावर हेच करून दाखवते. एका विद्यार्थ्याला उठवते, तिसऱ्या बाकावरचा पंखा लावायला सांगते. तो चुकतो, वर्ग हसतो. मग मी म्हणते, “चूक त्याची नाही, बोर्डाची आहे.” आणि टिकलीची गोष्ट सांगते.

हळूहळू तिला सगळे प्रयोग पाठ झाले आणि सब्जेक्ट म्हणून ती बाद झाली. मग ती शिकायला बाहेर पडली, आणि शिकून बेंगळुरूला नोकरीला लागली. काम काय, तर मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये कोणतं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, लोक कुठे चुकतात, हे बघायचं. टिकलीचंच काम. फक्त घरापासून फार लांब.

ती निघाली तेव्हा मी तिला यादी करून दिली होती: कागदपत्रं, औषधं, कुणाला कधी फोन करायचा, चादरी किती दिवसांनी धुवायच्या. स्टेशनवर हे डोळे पुसत होते. मी डब्यात चढून तिच्या बॅगेची साखळी बर्थला नीट लावली आहे का ते पाहिलं. उतरताना मी म्हणाले, “चल. पोचलीस की कळव.”

‘कधी येशील’ हे विचारलं नाही. ते मी ठरवून टाळलं होतं, कारण माझी आई मला तेच विचारायची. माझं माहेर मंठ्याचं. जालन्याहून मंठा काही परदेश नाही, पण नोकरी, घर, लहान मूल या धबडग्यात जाणं राहून जायचं. आई फोनवर पहिलं वाक्य म्हणायची, “कधी येतीस?” आणि ठेवताना शेवटचंही तेच. दोन्ही वेळा मी कारणं सांगायचे. फोन ठेवला की दिवसभर छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. आपल्या मुलीच्या छातीवर हे ओझं नको, असं मी पक्कं केलं होतं, आणि मी पक्कं केलेलं सहसा बदलत नाही.

त्यामुळे आमचे रविवारचे फोन नीटनेटके असायचे. जेवण, पाऊस, तब्येत, तिचं काम, माझं काम. ती विचारायची, “बाकी?” मी म्हणायचे, “बाकी सगळं बरोबर.” फोन संपायचा.

आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या असतात. भाद्रपदात दोघी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, मुखवट्याच्या, आणि जेवून तिसऱ्या दिवशी जातात. मुखवट्याखालच्या लोखंडी आडणीवर साडी नेसवावी लागते. हे किचकट काम आहे, निऱ्या हातात राहत नाहीत. ज्येष्ठेची साडी माझ्याकडे आणि कनिष्ठेची मुलीकडे, अशी आमची वाटणी होती. ती बेंगळुरूला गेल्यावर पहिल्या वर्षी आली. पुढची दोन वर्षं जमलं नाही, आणि दोन्ही साड्या मीच नेसवल्या. कनिष्ठेच्या निऱ्या दोन्ही वर्षी एका बाजूला कलल्या. बायका म्हणाल्या, छान झालंय. मला दिसत होतं.

यंदा श्रावण संपत आला तसे हे मागे लागले.

“तू विचार ना तिला, येती का म्हणून.”

“तुम्ही विचारा.”

“मी विचारलं की ती हसती. ‘पप्पा, तुम्ही पण ना’ म्हणती. तुझं ऐकती ती.”

“यायचं असेल तर येईल. मी विचारून तिला धर्मसंकटात टाकणार नाही.”

“हे बघ, तू साधं विचारायचंय. कोर्टात समन्स काढायचं न्हाई.”

हे राजूरकडचे. यांचं सगळं राजूरच्या गणपतीवर सोडलेलं असतं, तेवढा एक प्रश्न सोडून. तो त्यांनी माझ्यावर सोडला होता. मी यादी काढली: पुरणाची डाळ, सोळा भाज्या, फुलं, सवाष्ण कोण. यादीत कनिष्ठेच्या साडीपुढे कुणाचं नाव घालायचं, ते तसंच ठेवलं.

मग एका शुक्रवारी तिचाच फोन आला, रविवारची वाट न बघता.

“आई, रविवारी सकाळी मोकळी आहेस का? मला एक सब्जेक्ट पाहिजे.”

“कसला?”

“आम्ही बसच्या तिकिटाचं अ‍ॅप करून राह्यलोत. मराठीत. लोकांना वापरायला देऊन बघायचंय. लहान शहरातली, पन्नाशीच्या आसपासची, मोबाइलचा फार नाद नसलेली बाई पाहिजे.”

“म्हणजे म्हातारी आणि अडाणी.”

“तसं फॉर्मवर लिहीत नाहीत गं.”

“मला प्रयोगाची पद्धत माहीत आहे. मी सब्जेक्ट म्हणून बाद आहे.”

“अ‍ॅप कुठे माहीत आहे? अन् ज्या काकू येणार होत्या त्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं. तू माझी जादा सब्जेक्ट.”

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. साडी बदलली होती, का ते विचारू नका. समोर तिचा चेहरा, माझ्या हातात मोबाइल, त्यात तिने पाठवलेलं कच्चं अ‍ॅप. तिने घसा साफ केला आणि कागदावरून वाचायला लागली.

“नमस्कार. वेळ दिल्याबद्दल आभार. ही तुमची परीक्षा नाही. काही चुकलं तर चूक अ‍ॅपची आहे, तुमची नाही.”

माझीच वाक्यं. आणि अहो-जाहो.

“तुमचं बोलणं आणि मोबाइलचा पडदा रेकॉर्ड होईल. चालेल?”

“चालेल.”

“एकच सूचना आहे. मोठ्याने विचार करायचा. मनात जे येईल ते बोलत राहायचं. थांबायचं नाही, निवडायचं नाही, चांगलं-वाईट बघायचं नाही. मी मध्ये बोलणार नाही. तुम्ही गप्प झालात तर फक्त ‘बोलत राहा’ एवढंच म्हणेन.”

ही पद्धत मी शिकवते. माणूस काम करताना काय विचार करतो हे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याला तो विचार बोलायला लावायचा. वर्गात हे सांगून मी फळा पुसते आणि पुढच्या मुद्द्यावर जाते. स्वतः या खुर्चीवर कधी बसले नव्हते.

“काम असं आहे,” ती म्हणाली. “सणासाठी एका व्यक्तीचं तिकीट काढायचं. कुठून, कुठे, कोण, सगळं तुम्ही ठरवा. सुरू करा.”

मी सुरू केलं.

“वर लिहिलंय ‘कुठून’. खाली ‘कुठे’. ठीक आहे. अक्षरं लहान आहेत. कुठून म्हणजे... मी जालना लिहिते. नाही, थांबा, मला कुठे जायचंय? मला कुठेच जायचं नाही. मी इथेच आहे. जालना खोडते. कुठून: बेंगळुरू. कुठे: जालना. अरे, इथे थेट गाडी दाखवतंय. खऱ्यात कधी पाहिली नाही, बदलत बदलत यावं लागतं. इथे थेट आहे. छान आहे तुमचं अ‍ॅप.”

तिचा कोरा चेहरा.

“तारीख. महालक्ष्म्या येतात त्याच्या आदल्या दिवशी पोचायला पाहिजे, म्हणजे अंघोळ करून, जेवून थोडं झोपता येईल. साडी नेसवायला संध्याकाळी बसलं तरी चालतं. प्रवासी कोण? ‘स्वतः’ की ‘इतर’. इतर. इतर म्हणायला कसंतरी वाटतं. वय लिहिलं. खिडकी. तिला खिडकी लागते, नाहीतर मळमळतं.”

एवढ्यात हे चहा घेऊन आले आणि लॅपटॉपमध्ये डोकावले. “काय चाललंय मायलेकींचं? येती का बेटा?”

“पप्पा, रेकॉर्डिंग सुरू आहे.”

“बरं बरं, मी काही पाह्यलं न्हाई,” असं म्हणून ते चहा तसाच घेऊन परत गेले.

मी गप्प झाले होते. तिने कागदाप्रमाणे म्हटलं, “बोलत राहा.”

“आता खाली एक बटण आहे. त्यावर लिहिलंय ‘परत’. म्हणजे परतीचं तिकीट असणार. घ्यायला पाहिजे. नोकरी आहे, परत जावंच लागणार. महालक्ष्म्याही तिसऱ्या दिवशी जातातच. पण मला हे बटण दाबावंसं वाटत नाही. आधी येऊ तर दे. अजून आली नाही आणि जाण्याचं तिकीट काढून ठेवायचं. पण न काढलं तर महाग पडेल, मी व्यवहारी बाई आहे. दाबते.”

दाबलं. बेंगळुरू गेलं, जालना गेलं, तारीख गेली, खिडकी गेली. सगळ्या चौकटी रिकाम्या. आम्ही पहिल्या पानावर होतो.

“सगळं गेलं,” मी म्हणाले. “परत म्हणजे मागे जायचं बटण होतं का हे? मला वाटलं, परतीचं. आता काय करू? परत भरायचं? परत भरते.”

आणि मग मी भरायला लागले, पण बोलणं चौकटींपाशी थांबेना. तिनेच सांगितलं होतं, निवडायचं नाही.

“कुठून: बेंगळुरू. कुठे: जालना. मी तुला कधी विचारलं नाही कारण माझी आई मला विचारायची. तिला किती वेळा नाही म्हणाले ते मला माहीत आहे. मला वाटलं, न विचारलं की तू हलकी राहशील. तू हलकी राहिलीसही. इतकी हलकी की उडूनच गेलीस. तारीख. तारीख तीच. कनिष्ठेच्या निऱ्या मला जमत नाहीत. हातात मावत नाहीत. ते निमित्त आहे, निऱ्या कुणीही करेल. मला तू हॉलमध्ये बसलेली पाहिजेस. पंख्याखाली. एवढंच. प्रवासी: इतर.”

माझा आवाज बदलला होता. वर पाहिलं तर ती समोर होती, ओठ घट्ट मिटलेले, नजर कागदावर. चेहरा कोराच, पण किती कष्टाने तो कोरा ठेवलाय हे मला दिसत होतं. इतकी वर्षं माझ्याकडे बघताना तिला काय दिसत असेल ते मला त्या क्षणी कळलं. काहीच नाही. तिला काहीच दिसलं नसेल.

तिने कागद उलटला. शेवटचा प्रश्न वाचला. तोही आमचाच आहे, प्रयोग संपल्यावर सब्जेक्टला विचारायचा.

“तुम्हाला काही विचारायचं आहे का?”

“कधी येतीस?” मी विचारलं. माझ्या आईच्याच तोंडचं, तिच्याच हेलात.

तिने काहीतरी दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. अहो-जाहो संपलं.

“आई, महालक्ष्म्यांना नाही जमणार गं. ह्याच अ‍ॅपचं काम त्याच आठवड्यात संपवायचंय. मी सुट्टी मागितलेली, नाही मिळाली.”

“मागितली होतीस?”

“मागच्या दोन्ही वर्षी पण. तुला सांगितलं नाही. मला वाटलं, तुला काही फरक पडत नाही.”

तिने नाक पुसलं. मी पुसलं. मग ती म्हणाली, “अन् ‘परत’वाली चूक आमच्या एकाही सब्जेक्टने पकडली नव्हती. सगळ्यांनी आपलीच चूक समजून मुकाट्याने पहिल्यापासून भरलं.”

“चूक बोर्डाची असते,” मी म्हणाले.

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. कनिष्ठेच्या निऱ्या यंदाही कलल्या. साडी नेसवताना मी लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवला होता. ती ऑफिसातून बघत होती आणि “डावीकडे ओढ, अजून डावीकडे” म्हणून मला वैताग आणत होती. पडद्यावरून डावं-उजवं उलटं होत होतं. जीपवाल्यांसारखं मीही म्हणाले, “आरसा खराब आहे तुमचा.” तिला ती गोष्ट माहीत होती. ती खूप हसली. मग तिला कुणीतरी हाक मारली, ती उठून गेली, आणि पडद्यावर तिची रिकामी खुर्ची बराच वेळ राहिली. मी निऱ्या हातात धरून तिच्याकडे बघत बसले.

सण झाल्यावर वर्गात ‘मानवी घटक’ आलं. या वेळी टिकलीनंतर मी बटणाचं उदाहरण दिलं. एकाच शब्दाचे तीन अर्थ, मागे, परतीचं आणि पुन्हा. लिहिणाऱ्याच्या मनात एक, वापरणाऱ्याच्या मनात दुसरा. फळ्यावर दोन चौकटी काढल्या आणि ‘परत’च्या जागी ‘मागे’ लिहिलं, ‘परतीचा प्रवास’ वेगळा लिहिला, तिच्या ऑफिसने आता केलंय तसं. उदाहरण नेमकं होतं. पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोच मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “मॅडम, मंग त्या तिकिटाचं काय झालं? निघालं का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “न्हाई निघालं.”

वर्गात मी असं बोलत नाही. मुलं जरा चमकली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण काहीतरी होतं, कारण पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच आपली पाण्याची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

आता रविवारी मी फोन लावते आणि जेवण, पाऊस, तब्येत याच्या आधी विचारते, “कधी येतीस?” हे पेपरामागून म्हणतात, “आलं बघ समन्स.” कधी ती कारणं सांगते. कधी चिडते. मागच्या रविवारी म्हणाली, “दिवाळीला बघते.” बघते म्हणजे काय हे मला पक्कं माहीत आहे. मीही मंठ्याला तेच म्हणायचे.

“बघ,” मी म्हणाले. “मी परत विचारीन.”

“विचार,” ती म्हणाली.